सही आपली, अक्षर दुसऱ्याचं



मागच्या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी मंदिरात पंडितजींनी सत्याणुव्रताचे पाच अतिचार समजावून सांगितले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले. त्यात कूटलेखक्रिया आली, म्हणजे खोटा कागद करणं. न्यासापहार आला, म्हणजे कुणी विश्वासाने ठेवायला दिलेलं दाबून बसणं. उदाहरणं नेहमीचीच होती, सावकाराची वही आणि गहाण टाकलेले दागिने. आम्ही सगळ्याजणी माना डोलावत होतो. आपल्यापैकी कुणाकडे सावकाराची वही आहे? त्यामुळे मान डोलवायला काही जड जात नव्हतं.

बाहेर चपला घालताना माझी धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "ताई, आम्ही तो विम्याचा फॉर्म दिला, तो कूटलेखच की हो."

मी गप्प झाले. कारण ते खरं होतं. आणि तशा फॉर्मवर सही केलेल्या बायका त्या दिवशी सभामंडपात निदान दहा-बारा तरी बसलेल्या असणार, हेही मला ठाऊक होतं.

झालं होतं असं. दिरांचं कापडाचं दुकान. दिवाळीच्या आधी एक विमा एजंट दुकानात आला. आपल्याच समाजातला, मंदिरात रोज दिसणारा, लग्नाकार्यात वाढायला पुढे असणारा मुलगा. दोघांचा मिळून पाच लाखांचा आरोग्य विमा काढायचा ठरला. फॉर्म इंग्रजीत. तो वाचत होता, दीर उत्तरं देत होते, तोच लिहीत होता. मधुमेहाचा रकाना आला. दीर म्हणाले, "चार वर्षं गोळी चालू आहे." तो म्हणाला, "काका, गोळीवर कंट्रोल आहे ना? मग कशाला लिहायचं? मेडिकल करा म्हणतील, हप्ता वाढवतील, दोन महिने घालवतील." माझी जाऊ तेव्हा डबा घेऊन दुकानात आली होती. तिनेही म्हटलं, "हो, नकोच ती कटकट." रकान्यात 'नाही' पडलं. खाली दिरांनी सही केली.

दोन वर्षांनी छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अर्थातच खरं सांगितलं, की सहा वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टरांशी कोण खोटं बोलतो? ते केसपेपरवर लिहिलं गेलं आणि कंपनीने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. कॅशलेस नाकारलं, मग दावा नाकारला, मग पॉलिसीच रद्द केली. दोन लाख ऐंशी हजारांचं बिल जावेच्या पाटल्या आणि मुलीच्या शिक्षणाची एक ठेव मोडून भागवलं. एजंटाला विचारलं तर म्हणाला, "काका, मी तुम्हाला विचारूनच लिहिलं होतं ना." आणि तेही खरंच होतं.

आता माझं मत सांगते. ते काही जणींना आवडणार नाही.

आमच्या वेळी बी.कॉम.ला व्यापारी कायद्याचा एक पेपर असायचा. त्यात विम्याची तत्त्वं पाठ करावी लागायची. विमायोग्य हित, म्हणजे ज्याच्या नुकसानीने तुमचं नुकसान होतं त्याचाच विमा तुम्ही काढू शकता. नुकसानभरपाई, म्हणजे जेवढं गेलं तेवढंच मिळेल, विम्यावर नफा कमवता येणार नाही. (आयुष्याच्या विम्याला हे लागू नाही, माणसाची किंमत कोण मोजणार.) आणि सगळ्यात वरचं तत्त्व, परम विश्वास. साडी घेताना दुकानदार तिचे सगळे दोष सांगायला बांधलेला नसतो, आपण उलगडून, उजेडात धरून बघायची. विम्यात तसं चालत नाही. माझ्या शरीरात काय आहे ते फक्त मला माहीत, कंपनीला माहीत नाही. म्हणून न विचारता लपवणं हीसुद्धा लबाडी आणि विचारल्यावर खोटं सांगणं तर उघड लबाडी.

हे तत्त्व १७६६ सालच्या एका इंग्लिश खटल्यातून आलं. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरने किल्ला शत्रूच्या हाती जाईल या भीतीने विमा काढला. फ्रेंचांनी तो घेतला. विमेवाला म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे तू सांगितलं नाहीस. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी परम विश्वासाचं तत्त्व मांडलं ते याच निकालात. पण पुस्तकं रंगवणारे एक सांगायला विसरतात. त्या खटल्यात गव्हर्नर जिंकला! विमेवाल्याला जे स्वतःला कळू शकत होतं, त्याबद्दल त्याने मागाहून तक्रार करायची नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे विश्वास दोन्हीकडून. "सगळं कव्हर आहे वहिनी" म्हणून विकायचं आणि दाव्याच्या वेळी बारीक अक्षर दाखवायचं, हेही परम विश्वासात बसत नाही. कंपन्यांना मी काही सोडत नाहीये.

पण आजचा विषय कंपनी नाही. विषय आहे तो मधला माणूस. एजंट नेमका कुणाचा?

कराराच्या कायद्यात, तो १८७२ चा आहे, एजन्सीवर एक आख्खं प्रकरण आहे. त्याचा गाभा एका ओळीचा. दुसऱ्याला अधिकार देऊन त्याच्या हातून केलेलं काम हे तुम्ही स्वतः केल्यासारखंच. कॉलेजात हे शिकले तेव्हाच मनात आलं होतं, की आपल्याकडे हे घरात शिकवतात. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, की दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावली, तिन्हींचा आस्रव आपल्यालाच. जपमाळेचे १०८ मणी ज्या हिशेबाने येतात त्या हिशेबात हे तीन आहेतच. माळ रोज ओढतो आपण. फॉर्म भरताना मात्र "लिहिलं त्याने" म्हणून मोकळ्या होतो.

एजंट कंपनीचा माणूस असतो, कमिशन तीच देते. मग त्याचं लिखाण कंपनीला बांधत का नाही? इथे एक शब्द महत्त्वाचा आहे, अधिकार. प्रतिनिधी मुख्य माणसाला बांधतो तो दिलेल्या अधिकारापुरताच. एजंटाला विमा आणायचा अधिकार असतो. तुमच्या वतीने तुमची उत्तरं लिहायचा अधिकार कंपनीने त्याला दिलेला नसतो. तो अधिकार देता तुम्ही. लेखणी त्याच्या हातात देऊन. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक आयुर्विम्याचं प्रकरण आलं. माणसाने दुसऱ्या कंपनीची आधीची पॉलिसी फॉर्मात सांगितली नव्हती. न वाचता सही केली, एजंटाने भरलं, हे म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. प्रस्ताव भरून देताना एजंट विमा घेणाऱ्याचा माणूस ठरतो, असं त्या निकालात आहे.

ते प्रकरण जुन्या कायद्याखालचं होतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात एक स्पष्टीकरण आलं, की विम्यासाठी जो माणूस तुमच्याकडे येऊन बोलणी करतो, तो करार होण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी समजायचा. हे आपल्या बाजूचं आहे आणि चांगलं आहे. शिवाय याच कलमाप्रमाणे आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं टिकली की नंतर ती कुठल्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही. लबाडी नसून नुसती चुकीची माहिती असेल आणि कंपनीने तीन वर्षांच्या आत पॉलिसी नाकारली, तर भरलेले हप्ते तिला परत द्यावे लागतात. आरोग्य विम्यात हीच मुदत आता सलग पाच वर्षांची आहे, पूर्वी आठ होती. पण सिद्ध झालेली लबाडी त्यातही माफ नाही.

मी हे जावेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आम्ही एजंटाला तोंडी सांगितलं होतं, हे चालणार नाही का?" मी विचारलं, साक्षीदार कोण? दुकानातला चहा? ते स्पष्टीकरण आयुर्विम्याच्या कलमातलं, यांचा विमा आरोग्याचा. आणि समजा धरलं सगळं, तरी एजंटाने चुकून 'नाही' लिहिलं असं नव्हतं. दोघांनी होकार दिला होता. विमा लोकपालाकडे जाता आलं असतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर वर्षाच्या आत लोकपाल, फी नाही, वकील लागत नाही. कागद काढून बसलेही होते मी. दीर म्हणाले, "वहिनी, मी तिथे जाऊन काय सांगू? मला माहीत नव्हतं असं सांगू? म्हणजे एकदा लिहून खोटं झालं, आता बोलून करू?" कागद परत पाकिटात गेले. दिरांबद्दल मला तेव्हापासून जास्तच आदर वाटतो. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

आपल्या बायकांमध्ये एक वाक्य फार चालतं, "एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो." पडतो. हप्त्यांची ती रास कंपनीच्या मालकाची नसते, ती आपल्यासारख्याच हजारो घरांची असते. माझी शुगर लपवून मी जो कमी हप्ता भरते, तो कुणीतरी दुसरी भरत असते. स्वाध्यायात आपण अचौर्यावर तास-तासभर बोलतो. मग हे काय आहे?

आणि दुसरं वाक्य, "पहिला हप्ता तुम्ही भरा, मग बघू." हे तर हसत हसत, हक्काने सांगितलं जातं, कारण एजंट घरचा. विमा कायद्याचं ४१ वं कलम कमिशनमधून अशी सूट देण्याला बंदी करतं आणि घेण्यालाही. दंड दहा लाखांपर्यंत. हे कलम फॉर्मवरच छापलेलं असतं, आपण सही करतो त्याच कागदावर! एजंटाला पदरचे पैसे घालायला लावायचे आणि मग त्याने आपल्याशी सचोटीने वागावं अशी अपेक्षा करायची. त्याने तरी ते कुठून भरून काढावेत?

न्यासापहाराचंही सांगते, कारण पैशाच्या बाबतीत अधिकाराचा प्रश्न आणखी बोचरा आहे. १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. एका माणसाच्या आयुर्विमा महामंडळाच्या प्रत्येकी पंचवीस हजारांच्या चार पॉलिसी होत्या. १९८७ च्या मार्चचा हप्ता राहिला. जूनमध्ये एजंटाने त्याच्याकडून बेअरर चेक घेतला, वटवला आणि पैसे स्वतःकडेच ठेवले. ९ ऑगस्टला तो माणूस अपघातात गेला. एजंटाने पैसे भरले १० ऑगस्टला. न्यायालयाने सांगितलं, हप्ते गोळा करायचा अधिकार या एजंटाला नव्हता, महामंडळाच्या नियमातच तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला दिलेले पैसे महामंडळाला दिलेले पैसे नव्हेत. पॉलिसी बंद पडलेली. वाचून पोटात गोळा येतो. त्या माणसाने आपल्या बाजूने हप्ता भरला होता हो! फक्त चुकीच्या हातात.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, पगारातून हप्ता कापण्याच्या योजनेतलं प्रकरण आलं. दिल्लीच्या वीज उपक्रमाने म्हणजे मालकाने कर्मचाऱ्याचा हप्ता महामंडळाकडे भरला नाही आणि कर्मचारी वारला. इथे न्यायालय म्हणालं, ही योजना महामंडळानेच अशी आखली की कर्मचाऱ्याचा संबंध फक्त मालकाशी येईल, तेव्हा हप्ता गोळा करण्यापुरता मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी. विधवेला पैसे द्या. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं, अधिकार एजंटाच्या सांगण्याने ठरत नाही. कंपनीने काय लिहून दिलं, स्वतः कशी वागली, त्यावरून ठरतो. "मी भरतो काकू, काळजी करू नका" हे कितीही प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्याने कंपनी बांधली जात नाही. आता काही एजंटांना हप्ता स्वीकारायची रीतसर परवानगी मिळते. मग कंपनीची पावती तिथल्या तिथे मिळायला हवी. चेक लिहायचा तो कंपनीच्या नावाने, रेघा मारून.

आपल्यात अडचण ज्ञानाची नाहीच. माझ्या मते अडचण संकोचाची आहे. एजंट मंदिरातला, नणंदेचा भाचा, मुनीश्रींच्या आहारचर्येला आपल्यासोबत उभा राहणारा. त्याच्याकडे फॉर्मची प्रत मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. कोरा फॉर्म सही करून दिला नाही तर, "काकूंना आता आमच्यावर भरवसा नाही." हा संकोच सोडा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. सोनाराकडे आपण वजन दोनदा करून घेतोच ना? तोही आपल्यातलाच असतो.

सासूबाईंच्या वयाच्या बायका इंग्रजी फॉर्मवर मराठीत सही करतात, तिथे एक गोष्ट बघा. शेवटी एक निवेदन असतं की मजकूर यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला, त्यांना समजला. ते समजावणाऱ्याने सही करायचं असतं. बहुतेक वेळा ते आधीच सही करून आणलेलं असतं, समजावणं व्हायच्या आधी! तिथे थांबा आणि म्हणा, आता समजाव. पॉलिसी घरी आली की तिच्यासोबत तुमच्या फॉर्मची प्रत असते, कपाटात टाकण्याआधी ती वाचा. उत्तर चुकीचं दिसलं तर लगेच कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीच पटली नाही तर हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

खरं लिहिलं की हप्ता वाढतो का? वाढू शकतो. कधी एखाद्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, कधी कंपनी नाहीच म्हणते. माझाच रक्तदाब मी लिहिला तेव्हा हप्ता वाढला आणि आमच्या ह्यांनी तोंड वाकडं केलं. भरतेय. दिरांच्या बिलापुढे तो काहीच नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या सूनबाईचा आरोग्य विमा काढायचा होता. एजंट तोच. हो, तोच बोलावला, मुद्दाम. क्षमावाणीला त्याने जावेच्या घरी येऊन हात जोडले होते, दिरांनीही जोडले होते, तेव्हा राग धरून मी कुठे ठेवू? संध्याकाळी आला तर आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं आवरायची घाई. मी म्हटलं, बस, वेळ लागला तरी चालेल. पेन सूनबाईच्या हातात दिलं. तो एकेक प्रश्न मराठीत सांगत गेला, ती लिहीत गेली. थायरॉईडची गोळी आली. त्याने सवयीने म्हटलं, "वहिनी, हे..." आणि माझ्याकडे बघून थांबला. सूनबाईने गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि कधीपासून, सगळं लिहिलं. फॉर्मचे फोटो काढून तिने स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवले. दहा दिवसांनी कंपनीने रक्ताची तपासणी मागितली, ती झाली, आणि हप्ता आला नेहमीएवढाच.